परस, वाळवण आणि मिरची
मराठी कुटुंबातील भाजीच्या साठवणीचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात धान्याविषयी जेवढे लिहिले गेले आहे, त्याच्या दशांशानेही भाजीपाल्याविषयी लिहिले गेलेले नाही. याचे कारण उघड आहे. इतिहासाची साधने मुख्यत्वे दप्तरांतून येतात, आणि दप्तर ठेवणाऱ्याची दृष्टी वसुलीवर असते. ज्वारी, बाजरी, भात, नाचणी ही पिके मापली जात, त्यांचा आकार ठरे, ती सरकारी कोठारांत जात. म्हणून ती कागदावर आली. घरामागच्या परसात लावलेली वांगी, गवार, घेवडा, भोपळ्याचा वेल यांची मोजदाद कोणी केली नाही. बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याकडून मूठभर मालाची फसकी घेतली जाई, एवढाच सरकारचा किंवा वतनदाराचा त्याच्याशी संबंध. जी भाजी बाजारात आलीच नाही, घरात पिकली आणि घरात शिजली, ती लेखनिकाच्या दृष्टीस पडण्याचे कारणच नव्हते.

दुसरे कारण असे की, भाजीची काढणी झाल्यावर तिचे जे काही होई ते स्वयंपाकघरात, अंगणात व माळ्यावर होई, आणि हे क्षेत्र सर्वस्वी स्त्रियांच्या हाती असे. कोणती शेंग बियाण्याला ठेवावयाची, कोणता भोपळा आधी चिरावयाचा, मिरची किती उन्हे दाखवावयाची, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडी जात राहिले. त्याची टिपणे झाली नाहीत.

तथापि हा प्रश्न गौण नाही. दख्खनच्या पठारावर पावसाचे चार महिने सोडले तर विहिरीच्या पाण्यावाचून हिरवे पान टिकत नाही. उलट कोकणात पावसाळ्यात हिरवे रान माजते, पण ओढे भरून वाटा बंद होतात, बाजार थांबतात आणि सूर्यदर्शन दुर्मिळ होते. म्हणजे दोन्ही प्रदेशांत वर्षाचा एक मोठा भाग असा, की त्या काळात भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर काय खावयाचे हे आधीच्या ऋतूत ठरलेले असे. अन्न रुचकर होणे, एवढाच येथे मुद्दा नाही. निव्वळ धान्यावर शरीर फार काळ धड राहत नाही. म्हणून भाजीची साठवण हा कुटुंबाच्या जीवनमानाचा, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे कोणते नवे पीक समाजाने स्वीकारले व कोणते दूर ठेवले, याचाही एक निकष ठरतो.

२. कागदपत्रांतील परस

साधने विरळ असली तरी अगदीच नाहीत असे नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१६) दुर्गांविषयीच्या प्रकरणात एक सूचना आहे. गडावरील बाजारातला व वाटांवरचा केरकचरा गडाखाली टाकू नये. तो जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसांत टाकावी आणि घरोघर होईल तेवढा भाजीपाला करावा, असा तिचा आशय आहे. या सूचनेकडे सामान्यतः गडाच्या स्वच्छतेच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु तिचा अर्थ त्याहून व्यापक आहे. गडावर वेढा पडला की खालून येणारी रसद तुटते. धान्याची कोठारे भरलेली असली तरी भाजी खालून आणता येत नाही. ती वरच झाली पाहिजे. राखेने जमिनीला पालाश मिळते आणि कचऱ्याची विल्हेवाट लागते. एका कृतीत तीन कामे साधतात. राज्यशास्त्रावरील ग्रंथात परसबागेचा विचार यावा, यावरून भाजी ही केवळ घरगुती बाब समजली जात नव्हती, हे सिद्ध होते. त्याच प्रकरणात धान्यगृहांना आग, उंदीर, किडा, मुंगी व वाळवी यांपासून जपण्याविषयी जो कटाक्ष दिसतो, तोही येथे ध्यानात घेतला पाहिजे. पिकविणे आणि टिकविणे यांचा विचार ग्रंथकार एकत्र करतो.

दुसरे साधन याहून जुने आहे. शिवाजी महाराजांच्या काळातील, १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूणच्या छावणीतील लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र सर्वपरिचित आहे. पावसाळ्यासाठी केलेला दाणावैरणीचा साठा आताच उधळला तर पुढे काहीच मिळणार नाही. मग शिपाई कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, फाटे, भाजी, पाला आणू लागतील आणि रयत परागंदा होईल, असा इशारा त्यात आहे. या पत्राचा उल्लेख रयतेविषयीच्या कळवळ्याचे उदाहरण म्हणून नेहमी होतो, आणि ते योग्यच आहे. पण साठवणीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील वस्तूंची यादी महत्त्वाची आहे. पत्र पावसाळ्याच्या तोंडावरचे आहे. विहिरींचे पाणी तळाला गेलेले, परस सुकलेले, अशा दिवसांत कुणब्याच्या घरात जी भाजी असेल ती विपुलतेतली नव्हे. ती पाणी शेंदून जगविलेली किंवा जपून ठेवलेली असणार. अशा वेळी तिचे हरण म्हणजे चार महिन्यांच्या तरतुदीवर घाला. पत्रात भाजी ही दाणे व भाकर यांच्या पंक्तीस बसविली आहे, हे अकारण नाही.

यापलीकडे शब्द हेही साधन आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. परस, पेव, कणगी, बळद, शिंके, उतरंड, वाळवण, सांडगा हे शब्द त्या काळाच्या भाषेत रूढ होते. यांतील पेव हे जमिनीखालचे व धान्याचे. बळद भिंतीच्या पोटातले. कणगी कुडाची किंवा बांबूची, शेणाने सारवलेली. शिंके मात्र हवेत टांगलेले, आणि उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. घर म्हणजे जमिनीच्या पोटापासून आढ्यापर्यंत साठवणीसाठी वाटून दिलेली जागा होती, हे या शब्दसमूहावरून स्पष्ट होते. वाळवण या शब्दाची अर्थच्छटाही बोलकी आहे. वाळत घातलेला पदार्थ आणि वाळण्याने वजनात येणारी तूट हे दोन्ही अर्थ त्यात वावरतात. गृहिणीला दोहोंचा हिशेब ठेवावा लागे.

३. काढणी आणि टिकवण

घरगुती साठवणीच्या पद्धतींचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात भाजी जिवंत ठेवली जाते. दुसऱ्यात ती वाळविली जाते. तिसऱ्यात ती मिठात मुरविली जाते. प्रत्येक पद्धतीचे यश काढणीच्या क्षणावर अवलंबून असते, आणि म्हणून काढणी व साठवण यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

पहिल्या वर्गात कांदा, लसूण, कोहळा, लाल भोपळा, सुरण यांचा समावेश होतो. कांदा जमिनीतून केव्हा काढावा हे त्याची पातच सांगते. निम्म्याहून अधिक पात मान टाकून आडवी पडली की गड्ड्याची वाढ पुरी झाली असे समजतात. मग तो पातीसह उपटून शेतातच तीन ते पाच दिवस असा पसरतात, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर सावली धरील. मान पूर्ण वाळली म्हणजे आतले तोंड मिटते. जाड मानेचा, घाईने पात कापलेला कांदा त्याच तोंडातून सडतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालून टांगण्याची रीत याच तत्त्वावर उभी आहे. पात तोडावी लागत नाही, गड्डा गड्ड्याला दाबत नाही आणि चहूंकडून वारा लागतो.

या पद्धतीस आधुनिक शास्त्राचा पाठिंबा मिळतो, ही लक्षणीय गोष्ट आहे. कांदा दोन तापमानांत चांगला टिकतो. एक शून्याजवळचे व दुसरे २५ ते ३० अंश सेल्सिअसचे. या दोहोंच्या मधल्या गारव्यात त्याला लवकर कोंब फुटतात. कौलारू घराचा उबदार माळा म्हणजे योगायोगाने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने निवडलेले कोठार होते. त्याची मर्यादा तापमानाची नसून दमटपणाची होती. आषाढात हवा ओली झाली की माळ्यावरचा कांदा काजळी धरू लागे.

भोपळ्याच्या बाबतीत देठ हा निर्णायक असतो. सालीत नख रुतेनासे झाले आणि देठ लाकडासारखा सुकला की फळ पक्व झाले. देठासकट काढलेले, न आपटलेले फळ कोरड्या हवेत काही महिने राहते. देठ तुटलेले फळ तेथूनच नासते. कोहळ्यावर येणारी पांढरी भुकटी हे निसर्गाने दिलेले मेणाचे आवरण होय. म्हणून शिंक्यात किंवा आढ्याला टांगलेला कोहळा दीर्घकाळ टिके, आणि त्याचा कीस घालून केलेले सांडगे हा त्याच्या आयुष्याचा दुसरा टप्पा असे.

दुसऱ्या वर्गात मिरची, गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, कोकणातील आंबोशी व आमसूल ही येतात. हरभऱ्याचा पाला थंडीत खुडला जातो. खुडल्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात, म्हणजे भाजी मिळते ती पिकाचे नुकसान करून नव्हे. तो सावलीत वाळवून मडक्यात भरला की उन्हाळ्यात पिठाबरोबर शिजविता येतो. तिसरा वर्ग मुख्यतः कोकणाचा. जेथे ऊन कमी व ओल अधिक, तेथे मीठ हेच साधन. खारातल्या कैऱ्या व फणसाचे खारातले गरे हे दख्खनच्या वाळवणाचे सागरी प्रतिरूप म्हणता येईल. समुद्रकाठी मिठागरे होती आणि घाटावर ऊन होते. प्रत्येक प्रदेशाने आपल्याजवळ फुकट किंवा स्वस्त होते तेच वापरले.

वांगी, दुध्या, दोडका, पालेभाज्या यांचे काय, असा प्रश्न उरतो. यांची साठवण झाडावरच होई. एकाच वेळी सर्व बी न पेरता थोड्या थोड्या दिवसांनी पेरणे आणि फळे मोठी होऊ न देता तोडत राहणे, ही एक प्रकारे काळाची साठवण होय. मात्र त्यास सांडपाण्याचा ओघ परसात आणावा लागे. न्हाणीचे पाणी अळूच्या व केळीच्या मुळाशी सोडण्याची रीत याच गरजेतून आली.

४. सावता माळी यांच्या अभंगातील मिरची

साठवणीच्या या चौकटीत एका वनस्पतीचा प्रवेश ऐतिहासिक दृष्ट्या विशेष उद्बोधक आहे. अरण येथील संत सावता माळी यांच्या नावावर असलेला, परसातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा अभंग मराठी भाषकाला लहानपणापासून ठाऊक असतो. त्यात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या जोडीला मिरचीही येते. सावता माळी यांची समाधी शके १२१७ म्हणजे इ. स. १२९५ ची. मिरची ही वनस्पती मात्र मूळची अमेरिकेची. कोलंबसाची पहिली सफर १४९२ ची. पोर्तुगीज कालिकतला पोहोचले १४९८ मध्ये, आणि गोवा त्यांच्या ताब्यात गेले १५१० मध्ये. तेव्हा तेराव्या शतकातील माळ्याच्या मळ्यात मिरची कशी आली?

या विसंगतीचा उलगडा तीन प्रकारे करता येण्यासारखा आहे. पहिला असा की, येथे मिरची म्हणजे मिरी समजावी. शब्दाच्या दृष्टीने हे अशक्य नाही. मिरची हे नाव मिरी व संस्कृत मरीच यांच्या कुळातलेच आहे. नव्या तिखटाला जुन्या तिखटाचे नाव देण्यात आले. परंतु वनस्पतीच्या दृष्टीने हा अर्थ टिकत नाही. मिरीचा वेल दमट, भरपूर पावसाच्या प्रदेशातला. सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या अवर्षणप्रवण भूमीत, कांद्यामुळ्याच्या वाफ्याशेजारी, तो होत नाही. अभंगाचा सारा रोख आपल्या मळ्यात पिकणाऱ्या वस्तूंवर आहे. विकत आणलेल्या मसाल्यावर नाही.

दुसरा उलगडा असा की, मिरची भारतात त्याआधीच होती. यास साधनांचा पाठिंबा नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. तेथे तिखटपणा मिरीचा व आल्याचा आहे. गार्सिया द ओर्ता याचा औषधिद्रव्यांवरील ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. त्यात मिरीची चर्चा आहे, मिरचीवर प्रकरण नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ऐन-इ-अकबरीतील पाककृतींत व भावांच्या यादीतही मिरी आहे, मिरची नाही. नव्या फळाची ओळख जेथे मिळते तेथे ती पोर्तुगीजांच्या संबंधात मिळते. ब्राझीलमधील पर्नांबुकोचे नाव त्यास जोडलेले आढळते, आणि मुंबईकडे गोवाई मिरची हे नावही प्रचारात होते.

उरतो तिसरा उलगडा, आणि तोच ग्राह्य दिसतो. अभंग मुखपरंपरेने चालत आला. गाणाऱ्याने आपल्या काळच्या मळ्यात जे दिसत होते ते त्यात घातले किंवा जुन्या शब्दाच्या जागी बसविले. वारकरी परंपरेत अभंग हे जतन करून ठेवावयाचे हस्तलिखित नव्हते. ते रोज गावयाचे होते. तेव्हा अभंगाचे आजचे रूप मिरचीच्या प्रसारानंतरचे, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचे नव्हे, असे म्हणणे प्राप्त होते. यामुळे सावता माळी यांच्या कर्तृत्वास किंवा अभंगाच्या भावार्थास बाध येत नाही. उलट एक गोष्ट सिद्ध होते. मिरची इतक्या पूर्णपणे परसातली झाली होती, की ती एके काळी नव्हती याची जाणीवही गाणाऱ्यांच्या स्मृतीत उरली नाही. पाठचिकित्सेला वनस्पतीचा इतिहास कसा उपयोगी पडतो याचे हे उदाहरण आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी कालनिश्चित ग्रंथांतील उल्लेखांच्या आधारे अन्नपदार्थांचा व वनस्पतींचा इतिहास लिहिण्याची जी पद्धत घालून दिली, तिचाच हा उलट बाजूने केलेला वापर होय. तेथे ग्रंथावरून वनस्पतीचा काळ ठरतो. येथे वनस्पतीवरून पाठाचा.

५. नवी पिके आणि साठवणीची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अमेरिकेतून आलेली पिके अनेक होती. त्यांतील काही शंभर-दोनशे वर्षांत घरोघर गेली, तर काहींना त्याहून फार अधिक काळ लागला. हा फरक का पडला?

मिरचीचे यश तिच्या तिखटपणात आहे असे समजले जाते. पण तिखटपणा मिरीतही होता. भेद असा की, मिरी विकत घ्यावी लागे आणि मिरची घरामागे होई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती वाळे. शंभर शेर ताज्या लाल मिरचीची वाळून पंचवीस ते तीस शेर होते, आणि देठासह वाळविलेली मिरची वर्षभर राहते. शिवाय तिचे बी तिच्या पोटातच असते. ज्या मडक्यातून कालवणाला मिरची निघे, त्याच मडक्यातून पुढच्या पावसाळ्याच्या रोपासाठी बी निघे. खाण्याची साठवण आणि बियाण्याची साठवण ही एकच कृती झाली. गरीब कुटुंबाला याहून सोयीचे पीक मिळणे कठीण. ताज्या मिरचीत क जीवनसत्त्व विपुल असते, हे शास्त्राला विसाव्या शतकात कळले. वाळविताना त्याचा बराचसा नाश होतो हेही खरे. म्हणून केवळ चटणीवर राहणाऱ्या घरात भाजीची उणीव मिरचीने भरून निघाली असे मानता येत नाही. मिरचीने भाकरी गिळण्याजोगी केली. भाजीची जागा मात्र ती घेऊ शकली नाही. समृद्ध वाटणाऱ्या या स्थित्यंतराची ही दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे.

लाल भोपळ्याचेही तसेच. त्याच्यासाठी शिंके तयारच होते. कोहळ्याने ते आधी वापरात आणले होते. नव्या फळाला जुन्या फळाची जागा, जुनी कृती आणि काशीफळ यासारखे देशी नाव मिळाले. त्याचे परकेपण मिरचीप्रमाणेच पुसले गेले.

बटाट्याची कथा निराळी आहे. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्या भाषेत तो प्रथम रताळ्याचा वाचक होता. खरा बटाटा महाराष्ट्रात रुजला तो युरोपीय वसाहतींच्या आश्रयाने. महाबळेश्वरी १८२८ नंतर वसाहत झाली, आणि तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या हातून बटाटा व इतर विलायती भाज्यांची लागवड झाली. पुढे पुणे जिल्ह्यात खेड-मंचर भागात तो महत्त्वाचे पीक झाला. परंतु तो परसात शिरला नाही. कारण पठारावरील उन्हाळ्यात कंद टिकत नाही; सुप्तावस्था संपली की कोंब येतात, आणि कोंब आले नाहीत तर कंद सडतो. पुढील हंगामाचे बेणे घरी ठेवणे दुष्कर, म्हणून ते बाहेरून आणावे लागे. इटलीहून आणलेल्या बेण्याबरोबर १९०६ च्या सुमारास कंद पोखरणारा पतंग मुंबई इलाख्यात आला आणि साठवण आणखी बिकट झाली. ज्या पिकाचे बी घरात राहत नाही, ते पीक विकत घेणाऱ्याचे होते, घरच्याचे होत नाही.

टोमॅटोला मराठीत वेलवांगे असे नाव दिले गेले, म्हणजे वांग्याच्या कुळात त्याला बसविण्याचा प्रयत्न झाला. पण त्याचे फळ माळ्यावर राहत नव्हते आणि त्याचे वाळवण करण्याची रीत पडली नाही. आंबटपणासाठी चिंच व आमसूल घरात होतेच, आणि ती दोन्ही वर्षभर टिकत. कोबीची गत तीच. शब्द पोर्तुगीज, पीक थंडीचे, मुक्काम बाजारात. शीतगृहे, मोटारवाहतूक व रोजची मंडई आल्यावरच टोमॅटो व कोबी सामान्य घरात नित्याचे झाले.

यावरून तीन अटी हाती लागतात. नवे पीक घरात टिकले पाहिजे. त्याचे बी घरात राहिले पाहिजे. आणि घराच्या जुन्या व्यवस्थेत त्याला बसण्याजोगी जागा आधीच असली पाहिजे. मिरची व लाल भोपळा यांनी तिन्ही अटी पुऱ्या केल्या. बटाट्याने तिसरी पुरी केली, कारण रताळे व सुरण यांची सवय होती. पण पहिल्या दोन केल्या नाहीत. टोमॅटोचे बी ठेवता येत होते, फळ नाही. धर्माचा अडसर हे कारण यापुढे फिके पडते. उपासाला कांदा व लसूण वर्ज्य आहेत, आणि ती दोन्ही या देशात प्राचीन आहेत. मिरची, बटाटा, रताळे, शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सारी अमेरिकेची असून उपासाला चालतात. निषेधाच्या जुन्या याद्या रचल्या गेल्या तेव्हा ही नावे ठाऊक नव्हती, म्हणून ती त्यांतून सुटली.

कांदेनवमीचा विचार याच संदर्भात करावा लागतो. आषाढ शुद्ध नवमीस कांदा खाऊन एकादशीपासून चातुर्मासात तो वर्ज्य करण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे. माळ्यावरचा कांदा याच सुमारास नासू लागतो, यावरून साठवणीच्या अडचणीतूनच हा नियम निघाला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. लसूण-कांद्याचा निषेध मनुस्मृतीत आहे. सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांग यानेही कांदा-लसूण खाणाऱ्यांस समाजात मिळणाऱ्या वागणुकीची नोंद केली आहे. तेव्हा निषेधाचे मूळ आचारकल्पनेत आहे. साठवणीच्या ऋतुचक्राने त्याला सोय पुरविली, एवढेच म्हणता येते. कारण आणि सोय यांत भेद न केल्याने सामाजिक इतिहासात अनेक सुलभ पण चुकीचे सिद्धांत शिरले आहेत.

६. परसाचा लोप आणि बियाण्याचा प्रश्न

विसाव्या शतकात या व्यवस्थेचे दोन दिशांनी विघटन झाले. एकीकडे साठवण घरातून शेतात व बाजारात गेली. कांदा उत्पादकांनी उभारलेली कांदाचाळ ही वस्तुतः जुन्या माळ्याचीच वाढवलेली आवृत्ती आहे. खालून वारा, बाजूंनी वारा, वर छप्पर आणि वाळलेल्या मानेचा माल. तत्त्व तेच राहिले, परंतु प्रयोजन बदलले. पूर्वी साठवण खाण्यासाठी होती, आता भावासाठी. दुसरीकडे वाळवण हाच व्यवसाय झाला. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी पापड लाटून आरंभिलेला लिज्जतचा उद्योग पुढे देशभर पसरला. अंगणातले कौशल्य प्रथमच रोख मोबदल्यास पात्र ठरले, ही त्यातील मोलाची गोष्ट होय. ज्या श्रमाची दप्तरांत नोंद नव्हती, त्या श्रमाची नोंद हजेरीपटावर होऊ लागली.

परंतु या दोन्ही स्थित्यंतरांत एक वस्तू मागे राहिली. ती म्हणजे बी. बाजाराला टिकणारा माल पाहिजे; बी दुकानात मिळते. घरच्या मडक्यात राखेत घालून ठेवलेले घेवड्याचे, वालाचे, दोडक्याचे बी एकदा एका पावसाळ्यात पेरले गेले नाही की त्या वाणाची परंपरा तेथेच खुंटते. कागद शंभर वर्षे पेटीत राहूनही वाचता येतो. बी तसे राहत नाही. ते जिवंत ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा पेरावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान भाज्या व कडधान्ये यांची बियाणी जमवून त्यांची बँक उभारली आणि २०२० साली त्यांच्या नावाची पद्मश्रीसाठी घोषणा झाली. या घटनेकडे कृषिविकासाची बातमी म्हणून पाहिले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे साधनसंग्रहाचे काम म्हणूनही पाहावयास हवे.

कारण ज्या विषयाला दप्तर नाही, त्याचे दप्तर हेच आहे. अमात्यांच्या सूचनेतील परस, चिपळूणच्या पत्रातील कुणब्याची भाजी आणि सावता माळी यांच्या अभंगात मागाहून आलेली मिरची, हे तीन पुरावे एकत्र ठेवले असता एक क्रम दिसतो. राज्याने परसाचे महत्त्व ओळखले, शिपायाच्या हातून ते वाचविण्याची दक्षता घेतली, आणि परसाने आपल्या कसोटीस उतरलेले परके पीक इतके आपलेसे केले की संतवाणीनेही ते स्वीकारले. ही कसोटी लावणाऱ्या स्त्रियांची नावे कोठेही नाहीत. त्यांच्या निवडीचा निष्कर्ष मात्र आजही प्रत्येक मराठी ताटात वाढला जातो. धान्याच्या इतिहासाबरोबर त्या निवडीचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे, आणि जोवर ते बी पेरले जात आहे व ते राखणारी माणसे हयात आहेत, तोवरच तो पुराव्यानिशी लिहिता येईल.